पडवीतली घंटा

"बाहेर! सगळे बाहेर! तुळशीपाशी!"

गंधारने गाल फुगवून शिट्टी फुंकली आणि भर दुपारी दत्ताकाकांच्या घरात एकच धांदल उडाली. मनस्विनीने दाराशी टांगलेली पिशवी खांद्याला अडकवली, कुसुमआत्याचा हात धरला आणि पडवी ओलांडून ती पुढच्या अंगणात, खळ्यात आली. शेजारची नबीला कुंपणावरून उडी मारून आधीच तुळशीपाशी पोचली होती.

"तू आमच्या घरात नव्हतीसच! मग पहिली कशी आलीस?" गंधार चिडला.

"मग? भूकंप काय तुमच्याच घरात होणार? आमचं घर काय होडीत बांधलंय?"

"ते राहू दे. काका कुठायत?"

काका होते तिथेच होते. पडवीत आरामखुर्चीवर, तोंडावर वर्तमानपत्र पांघरून. वर्तमानपत्राखालून आवाज आला, "मी गेलो असं धरा नि पुढे चालू द्या!"

"शिव शिव! भरल्या घरात काय ते बोलणं!" आत्याने हळूच कानाला हात लावला. आत्याचा आवाज मुळी कधी चढतच नसे. रागावली तरी ती देवापुढे स्तोत्र म्हणावं तशीच बोलायची.

मनस्विनी आणि गंधार चिपळूणचे. मे महिन्याच्या सुट्टीत दोघं नाटे गावी आत्याकडे आली होती. कोयनेचे लहानमोठे हादरे चिपळूणला नेहमीचेच, कपाटातल्या बश्या खुळखुळल्या की लोक म्हणायचे, "आला वाटतं!" आणि पुन्हा आपापल्या कामाला लागायचे. पण यंदा जानेवारीत भुजला भूकंप झाला, वर्तमानपत्रांत ती चित्रं आली आणि मनस्विनीच्या बाईंनी शाळेत सगळ्यांकडून सराव करून घेतला. घरात काय करायचं, काय बांधायचं, कुठे जमायचं, सगळं. त्या चित्रांतली ढिगाऱ्यात पडलेली एक बाहुली मनस्विनीच्या डोळ्यांपुढून काही केल्या हलत नव्हती.

म्हणून आल्या आल्या तिघांनी आत्याचं घर भूकंपासाठी तयार करायला घेतलं होतं. फळीवरची तांब्याची जड घागर खाली आली. काचेचं कपाट सुंभाने भिंतीच्या खुंट्यांना बांधलं गेलं. आत्याची खाट फडताळापासून दूर सरकली. पिशवीत पाणी, पोहे-गूळ, विजेरी आणि काकांचं रक्तदाबाचं औषध. कौलांपासून लांब, मोकळ्या खळ्यात, तुळशीपाशी जमायचं हे ठरलं. काका त्यांना 'भूकंपमंत्री' म्हणायला लागले होते!

सगळं जमलं होतं. एक गोष्ट सोडून.

"बाकी तुमचं सगळं ऐकते मी," आत्या म्हणाली, "पण खरंच तशी वेळ आली ना, तर दिव्याला एकटं टाकून मी यायची नाही हो. आधीच सांगून ठेवते."

चैत्री पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत आत्याच्या देवघरात अखंड नंदादीप असायचा. वात सरकली का, तेल उतरलं का, हे बघायला ती पहाटेसुद्धा उठायची. यंदाही व्रत जवळजवळ पूर्ण होत आलं होतं. पौर्णिमेला उद्यापन, वाडीतल्या सवाष्णींची पंगत.

"पण आत्ये, मागे वळायचं नाही हाच तर पहिला नियम आहे!"

"तुझा नियम तो नियम, आणि माझा नेम तो काय गं?" आत्या हसली.

मनस्विनीने देवघरातला दिवा वाळूने भरलेल्या परातीत ठेवला, म्हणजे कलंडला तरी आग नको. पण आत्याचं काय? आईबाबांना 'आत्याला नीट सांभाळीन' असं सांगून ती आली होती. तिच्या मनातून ते जाईना.

संध्याकाळी वाती वळता वळता तिने विचारलं, "आत्ये, एका ज्योतीवरून दुसरी ज्योत लावली, तर ती वेगळी होते का गं?"

"वेगळी कशी होईल? तोच दिवा. फक्त घर बदललं त्याने."

मनस्विनीने ते मनात नीट जपून ठेवलं.

*

घंटेची कल्पना गंधारची. देवघरात दांडी मोडलेली एक जुनी घंटा होती. ती त्याने सुतळीने पडवीतल्या लांब तुळईला, दारासमोर टांगली. "जमीन जरा हलली की ही आधी सांगेल!"

आणि दुसऱ्याच दुपारी घंटा वाजली.

टिण्... टिण् टिण्!

तिघंही ताडकन उठली! शिट्टी, पिशवी, आत्या, तुळस. सगळं अगदी ठरल्याप्रमाणे! खळ्यात उन्हात उभं राहून पाय भाजले, पण जमीन काही हलली नाही. झाडावरचा कावळासुद्धा उडाला नाही.

पडवीच्या दुसऱ्या टोकाची ताडपत्री बाजूला करून काका घाम पुसत बाहेर आले. हंगामात पडवीचा तेवढा भाग ताडपत्री लावून आंब्यांसाठी केलेला असे. आत पेंढ्यात आंब्यांची आढी, भरलेल्या पेट्यांच्या थप्प्या, आणि बाहेरच्या अंगाला बाळा ड्रायव्हरचा टेम्पो. मुलांना तिथे सक्त मज्जाव. "हात लागले की आंबा डागळतो," काका म्हणायचे.

"काय मंत्रीमहोदय, बुडाली का पृथ्वी?" काका खो खो हसले.

"वारा असेल," गंधार कान लाल करून पुटपुटला.

पण नबीला गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिने घंटेशेजारी एक साधा दोरा लोंबता सोडला. मग घरी जाऊन बकरीच्या गळ्यातली घंटा काढली आणि आपल्या ओसरीच्या वाशाला टांगली. "आता बघू. माझी आई म्हणते, मला बकरीपेक्षा जास्त अक्कल आहे. थोडीच, पण आहे!"

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा टिण् टिण्! मनस्विनीचे डोळे दोऱ्याकडे. दोरा सरळ, निश्चल. म्हणजे वारा नाही! इतक्यात नबीला कुंपणावरून ओरडली, "आमची नाही वाजली!"

"म्हणजे तुमची घंटा बिघडलीय," गंधार म्हणाला.

"घंटा कशी बिघडेल रे? तिला काय सेल घालतात?"

मनस्विनीने मात्र एकदा नबीलाच्या ओसरीकडे, एकदा आपल्या तुळईकडे पाहिलं. जमीन हलली असती तर दोन्ही घंटा वाजल्या असत्या. एकच वाजते.

"गंधार," ती हळू आवाजात म्हणाली, "जमीन नाही हलत. आपलं घर हलतंय."

*

पौर्णिमेची सकाळ उजाडली. आत्या निर्जळी उपास करून, ओल्या केसांनी देवघरात जपाला बसली होती. काका केळीची पानं आणायला गेले. टेम्पो उभा होता, बाळा कुठे दिसत नव्हता.

"आत्ताच!" नबीला कुजबुजली.

तिघंही ताडपत्रीखालून सरपटत आत शिरली. पिकल्या आंब्यांचा वास नाकात भरला. पेट्यांची थप्पी तुळईच्या उंचीपर्यंत पोचली होती. टेम्पोची मागची फळी पडवीच्या कठड्याला अगदी चिकटलेली, पेट्या पडवीतून सरळ टेम्पोत ढकलता येतील अशी.

"इथे काहीतरी चुकतंय," मनस्विनी म्हणाली. "पडवीला कडेने खांब आहेत ना? मग इथला...?"

तिच्या पायाखाली गोल दगड होता. काळा, गुळगुळीत तळखडा. प्रत्येक खांबाच्या बुडाशी असा एक दगड होता. या दगडावर खांबच नव्हता!

तिने वर पाहिलं. वर लांबच लांब तुळई, तिच्यावर वासे, वाशांवर कौलं. आणि एवढ्या सगळ्या भाराखाली, जरा बाजूला, तिरकी लावलेली एक पोफळ!

"या अल्ला," नबीला म्हणाली. "पोफळ तर मांडवाला लावतात!"

"टेम्पोच्या मध्ये येत होता म्हणून खांबच काढला!" गंधारचे डोळे विस्फारले. पेट्यांची थप्पी पोफळीला टेकली होती. त्याने हाताशी आलेली एक पेटी नुसती ढकलली. पोफळ कुरकुरली, बुडाशी बोटभर सरकली, आणि पलीकडून आवाज आला.

टिण्!

"हात काढ!" मनस्विनी किंचाळली. बुडाची पाचर निम्मी बाहेर आली होती. तिघं आली तशी सरपटत बाहेर पडली, ती थेट काकांच्या पायाशी!

काकांच्या खांद्यावर पानांचा भारा होता. चेहरा आधी लाल झाला, मग जरा उतरला.

"काका, खांब..."

"चार दिवसांचा प्रश्न आहे गं! हंगाम उरकला की बसवायचाच आहे. एकेक पेटी वळसा घालून न्यायची म्हणजे दुपार जाते. पोफळ लावलीय ना?"

"पण आज तिथेच पंगत आहे! वाडीतल्या सगळ्या बायका त्या तुळईखाली बसणार! आत्या बसणार! खळ्यात मांडूया ना पंगत, कडेला मांडव आहे तिथे!"

"खळ्यात दुपारी टेम्पो वळवायचाय मला. आणि हे बघ, मनू," काकांनी आवाज खाली आणला, "आत्याला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. महिनाभर राखलंय तिने सगळं. ऐन उद्यापनाच्या दिवशी जिवाला घोर लावलास, उपाशीपोटी काही झालं तिला, तर ते तुझ्या माथी!"

काका निघून गेले. मनस्विनी पडवीकडे वळली. सांगितलं तर व्रताला बाधा, नाही सांगितलं तर... तिने वर पाहिलं. तुळई मधोमध किंचित वाकली होती. आधी कशी दिसली नाही?

"आता रडणार असशील तर लवकर रड," नबीला म्हणाली. "मला घरी जाऊन फुलंही आणायचीत."

मनस्विनीने डोळे पुसले. आतून आत्याचा जप ऐकू येत होता, एका लयीत, थांबत नव्हता. आणि एकाएकी तिला मागच्या वर्षीचं आठवलं. नैवेद्याचं पान चुकून दुसऱ्या जागी मांडलं गेलं होतं. काका ते उचलायला गेले, तर आत्या म्हणाली होती, "राहू दे. रांगोळी घालून मांडलेलं पान हलवायचं नाही. अन्नपूर्णा तिथे येऊन बसलेली असते."

"गंधार, पाट काढ! सगळे! नबीला, रांगोळीचा डबा दे, आणि तुझ्या आईला सांग अबोलीचे गजरे इकडे खळ्यातच आण म्हणून. बोलू नका, पळा!"

"भूकंपमंत्री पंगत मांडणार?" गंधारचे दात दिसले.

"मांडणार! आत्याचा जप संपायच्या आत!"

काका परसात बाळाशी बोलत होते. तेवढ्यात झावळ्यांच्या हलक्या मांडवाखाली पाटांची ओळ लागली. मनस्विनीने कधी घातली नव्हती इतक्या वेगाने रांगोळी घातली. गंधारची महिरप तर पळणाऱ्या खेकड्यासारखी झाली! पानं पडली, पानांवर मीठ आणि लिंबू पडलं. नबीलाने जाता जाता गॅसच्या सिलिंडरचा कॉक बंद केला. चुलीवरची खीर तयारच होती.

शेवटी मनस्विनी पाय धुऊन देवघरात गेली. आत्याचे डोळे मिटलेले होते. नंदादीपाला हात जोडून तिने त्याच्या ज्योतीवर काकडा धरला, त्या काकड्याने कंदील लावला आणि तो तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात नेऊन ठेवला.

*

"हे कोणी केलं?" काका गरजले.

सवाष्णी खळ्यात येऊन उभ्या होत्या. आत्या दारात आली, तिने मांडलेल्या पंगतीकडे पाहिलं, खेकड्याच्या महिरपीकडे पाहिलं.

"उचला ती पानं! पडवीत घ्या!"

"अहो," आत्या शांतपणे म्हणाली, "मांडलेलं पान उचलायचं नाही. बसा गं सगळ्या. बरंय की, वारा लागतोय."

"बस रे दत्ता गप!" येसूबाई पाटावर टेकत म्हणाल्या. वाडीतल्या सगळ्यांत वयस्कर त्या. काकांना 'अरे-तुरे' करणाऱ्या एकट्याच. "तुझ्या आंब्यांना पडवीत मांडी घालून बसायला जागा केलीस, आता आम्हाला खळं तरी मोकळं सोड!"

बायका खुसुखुसु हसल्या. काका पाय आपटत पडवीत गेले आणि रुसून आरामखुर्चीवर आडवे झाले. वर्तमानपत्र तोंडावर!

मनस्विनीने पडवीकडे पाहिलं. पंगत वाचली, पण काका? ती दोनदा त्यांना बोलवायला गेली. दोनदा वर्तमानपत्राने नकार दिला.

खीर वाढून झाली. आत्या सगळ्यांना आग्रह करत फिरत होती. स्वतः ती शेवटी जेवणार. एकदम ती थबकली. "अगो बाई, वातीचं तेल बघायचं राहिलं!" आणि ती पडवीकडे वळली.

टिण्.

मनस्विनीच्या हातातला डाव थांबला. पेट्या ढकलत असतील... पण बाळा तर समोर मांडवाला टेकून उभा होता!

टिण् टिण् टिण्! आणि त्याच क्षणी कुंपणापलीकडून, नबीलाच्या ओसरीवरून, खुळखुळ खुळखुळ! बकरीची घंटा!

दोन्ही!

"भूकंप!" नबीला किंचाळली. "दोन्ही वाजतायत! खरा आहे!"

गंधारने शिट्टी फुंकली. पायाखालची जमीन, कोणी गोधडी ओढावी तशी सुळकन हलली. पानांवरची खीर थरथरली. "बसून राहा! तिथेच! घराकडे जायचं नाही!" गंधार ओरडत होता, आणि येसूबाईंनी उठणाऱ्या दोघींना हाताला धरून खाली बसवलं.

पण आत्या पडवीच्या पायरीवर होती. एक पाय वर, एक पाय खाली.

"आत्ये, मागे ये!"

"दिवा, मनू! माझा दिवा!"

"दिवा इथे आहे!" मनस्विनीने तुळशीकडे हात केला. तिचा आवाज फाटला. "त्याच ज्योतीचा आहे, आत्ये! आज सकाळीच घर बदललंय त्याने! इकडे ये!"

आत्याने वळून पाहिलं. कोनाड्यात कंदील जळत होता, स्थिर, पिवळा. तिचा वरचा पाय खाली आला. मग ती अशी धावली, की तिला कोणी कधी धावताना पाहिलं नव्हतं!

"काका!" गंधार शिट्टी सोडून बेंबीच्या देठापासून ओरडला. "काका, गुरं शिरली खळ्यात! आंब्यांकडे निघालीत!"

वर्तमानपत्र उडालं. काका खुर्चीतून सुटले ते थेट खळ्यात! "कुठायत? कोणाची? हाकला मेल्यांना..."

त्यांच्या पाठीमागे काहीतरी कडकडलं. पोफळ. ती बुडाशी सरकली, आडवी झाली, आणि लांब तुळई मोठ्ठा उसासा टाकावा तशी खाली आली. तिच्यामागून वासे, वाशांमागून कौलं. धाड धाड धाड! लाल धुळीचा लोट उठला. आरामखुर्ची दिसेनाशी झाली. जिथे दरवर्षी पंगत बसायची, तिथे कौलांचा ढीग उरला.

जमीन केव्हाच थांबली होती.

येसूबाईंनी हळूच विचारलं, "बाकी कोणाची घरं...?"

बाळा धावत वाडीभर फिरून आला. कुठे एक मडकं फुटलं होतं, कुठे चार कौलं सरकली होती. पडलं होतं ते फक्त दत्ताकाकांचं. धक्का मोठा नव्हताच.

काका धुळीकडे बघत उभे होते. त्यांच्या हातात अजून वर्तमानपत्राचा एक तुकडा होता. "कुसुम," ते म्हणाले, "मी खांब काढला होता. टेम्पोसाठी. पोरं सांगत होती मला सकाळपासून. मीच त्यांना तुझ्यापाशी बोलू दिलं नाही."

आत्याने पदराने तोंडावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "महिनाभर मी देवाला एकच मागितलं, घरादाराला सांभाळ. त्याने सांभाळणारी माणसं धाडली, आणि तुम्ही त्यांची थट्टा केलीत."

काका मान खाली घालून मुलांपाशी आले. "चुकलो रे बाळांनो." मग नाक ओढून गंधारला म्हणाले, "पण गुरं कुठायत?"

"नव्हतीच! शिट्टीने तुम्ही कधी उठता होय?"

हसू फुटलं ते आधी झुबेदाला, नबीलाच्या आईला. मग सगळ्या पंगतीला! येसूबाईंनी मनस्विनीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "चिपळूणची पोर नाट्याच्या बायकांना तारून गेली गं!" झुबेदाने तिघांच्या हातांत अबोलीचे गजरे बांधले, गंधारच्यासुद्धा, आणि तो नको नको म्हणत असताना!

आत जायची घाई मात्र मनस्विनीने कोणाला करू दिली नाही. पुन्हा हादरा येऊ शकतो, ती म्हणाली, आणि या वेळी काकांनी सगळ्यात आधी मान हलवली. उन्हं उतरल्यावर ते आणि बाळा परसदाराने आत गेले. देवघर शाबूत होतं. परातीतल्या वाळूवर दिवा कलंडून विझला होता. वाळू नसती तर शेजारच्या वातींच्या कापसाने पेट घेतला असता.

आत्याने कंदील उचलला, परसदाराने आत नेला आणि त्याच्यावरून नंदादीप लावला. मग बाहेर येऊन गंधारच्या खेकड्याच्या महिरपीपाशी बसून तिने उपास सोडला. पहिला घास तिने मनस्विनीला भरवला.

*

सुट्टी संपायच्या आत तळखड्यावर फणसाचा जाड खांब उभा राहिला. आत्याने त्याला हळदीकुंकू लावलं. टेम्पो आता लांब उभा राहायचा आणि काका एकेक पेटी वळसा घालून नेताना कण्हायचे, पण हळू आवाजात.

आणि एका दुपारी पुन्हा टिण् टिण् टिण्!

काका आरामखुर्चीतून, नव्या आरामखुर्चीतून, असे उसळले की थेट तुळशीपाशी! पिशवीसुद्धा त्यांच्याच खांद्याला! मागोमाग नबीला कुंपणावरून टपकली.

"पहिला मी!" काका धापा टाकत म्हणाले. "कुठे हललं? किती हललं?"

पडवीत गंधार घंटेची सुतळी हातात धरून हसत होता. "काही नाही, काका. सराव!"

काका त्याच्यामागे धावले. दारातून आत्या बाहेर आली, नेहमीसारखी सावकाश, ओठांवर जप चालू. मागे न वळता ती तुळशीपाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात पेटलेला कंदील होता.